तांबडीचं ग्रहण

इंजिनिअर लिसान्द्रो उर्मेनेता राजधानी सोडून केब्राडा सेका या डोंगरातल्या गावात राहायला आला, तेव्हा त्याच्यामागे तीन ट्रक सामान आलं, आणि त्यातल्या दोन ट्रकांत नुसती दुर्बीण होती. इस्मेनिया ताबिलो तेव्हा अंगणात शेळ्यांचं दूध गाळत होती. ट्रक घाट चढताना तिने एकदा मान वर केली, एवढ्या लोखंडातून बघण्यासारखं वर काय उरलंय असं जवळच्या शेळीला विचारलं, आणि पुन्हा गाळायला लागली.

त्याला आता चार वर्षं झाली होती आणि तिचं मत तसूभरही सुधारलं नव्हतं. इंजिनिअरच्या टेकडीवर पांढरा घुमट होता. बटण दाबलं की तो उघडायचा. संगणक तारा शोधायचा, कॅमेरा फोटो काढायचा, आकडे आपोआप कागदावर उतरायचे, आणि इंजिनिअर खाली घरात पांघरूण घेऊन घोरत पडलेला असायचा. सकाळी उठून तो म्हणायचा, काल रात्री मी अमुक तारा बघितला. याला बघणं म्हणायला इस्मेनिया तयार नव्हती. आपण झोपायचं आणि आपलं जेवण शेजाऱ्याने जेवायचं, वर ढेकर आपण द्यायचा, अशातला तो प्रकार होता.

तिची स्वतःची दुर्बीण म्हणजे बागेला पाणी देण्याच्या जाड निळ्या पाइपचा एक तुकडा. त्याच्या तळाशी आठ इंची आरसा होता. डोंगरावरच्या मोठ्या वेधशाळेने कडेला तडा गेला म्हणून तो टाकून दिला होता. त्या वेधशाळेत तिने बावीस वर्षं स्वयंपाक केला. मध्यरात्री उपाशी पोटी खाली येणाऱ्या विद्वानांना सूप वाढलं, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना दक्षिणेचा क्रॉस हा ठळक तारकासमूहही बोटाने दाखवता येत नाही हे तिथेच तिच्या लक्षात आलं. रात्रपाळीच्या एका कामगाराने तिला दुर्बिणीला डोळा लावायला शिकवलं. तिची नजर चांगली निघाली, पण नोंद लिहायची तर अक्षर येत नव्हतं. मग छत्तिसाव्या वर्षी ती गावच्या मास्तरणीसमोर पोरांच्या बाकावर जाऊन बसली. आकडे तिला शेळ्यांमुळे आधीच येत होते.

ज्या ताऱ्यासाठी तिने हा खटाटोप केला, त्याला नकाशात लांबलचक क्रमांक होता. ती त्याला तांबडी म्हणायची. वृश्चिकाच्या शेपटीच्या खाली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अकराव्या प्रतीचा मंद लाल ठिपका. या धंद्यात आकडा वाढला की तारा मंदावला असा उलटा हिशेब असतो. तांबडी नेहमी अकरा पूर्णांक दोनच्या आसपास असायची. इस्मेनियाचं म्हणणं असं, की तो एक तारा नाहीच. म्हातारा, फुगलेला, लाल असा एक राक्षस आहे आणि त्याच्याभोवती फिरणारा एक पांढरा, तापलेला, बारका जोडीदार. तो बारका राक्षसाच्या पाठीमागे गेला की तांबडी काही महिने मंदावते. तिने हे दोनदा बघितलं होतं: सव्वीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आणि तेरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात. विद्वानांनी तिला कळवलं होतं की म्हातारे लाल तारे लहरी असतात, दोनदा मंदावण्यावरून काही सिद्ध होत नाही.

तिसरी पाळी या हिवाळ्यात होती; दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनमध्ये येतो. जून ते ऑगस्टच्या दरम्यान तांबडी मंदावली, तर ती जोडी ठरणार होती, तेरा वर्षांची फेरी पक्की होणार होती, आणि जगभरच्या निरीक्षकांची टिपणं जमवणाऱ्या परदेशातल्या संघाच्या पुस्तकात, ते सगळ्यांच्या आधी बघणाऱ्याचं नाव लागणार होतं. इस्मेनिया अडुसष्ट वर्षांची होती. पुढच्या पाळीला ती एक्क्याऐंशी वर्षांची झाली असती, आणि आपल्या घराण्यात बायका कितव्या वर्षी जातात हे तिला माहीत होतं.

तिचे नेम तीन होते. लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही. टक लावली की लाल रंग डोळ्यात साठत जातो आणि तारा उगाच तेजस्वी वाटतो. ओझरती नजर टाकायची, शेजारच्या पांढऱ्या ताऱ्यांशी तुलना करायची आणि डोळा काढायचा. आजचा आकडा लिहीपर्यंत कालचं पान उघडायचं नाही. आणि एक तारा, एक डोळा. तांबडी तिने अठ्ठावीस वर्षं उजव्याच डोळ्याने बघितली होती. डाव्याने बघणं म्हणजे दुसऱ्याच माणसाला बघायला बसवण्यासारखं, असं ती म्हणायची. पर्यटकांना लेझरचा हिरवा किरण दाखवून ताऱ्यांच्या प्रेमकथा सांगणाऱ्या खालच्या गावातल्या वाटाड्यांना तर ती अंगणाच्या फाटकाच्या आतही घेत नसे.

उजव्या डोळ्यात सहा वर्षांपासून मोतीबिंदू पिकत होता. डाव्यातही होता, पण जरा मागे. सरकारी इस्पितळाच्या यादीत तीन वर्षं थांबल्यावर एप्रिलमध्ये तिचा नंबर लागला. बहिणीची मुलगी यास्ना गावच्या दवाखान्यात परिचारिका होती. तीच तिला बसने बंदराच्या शहरात घेऊन गेली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी निघाली तेव्हा इस्मेनियाला सगळं जग नीळ घालून धुतल्यासारखं दिसलं. गावात परतल्यावर तिने शेजारणीला विचारलं की प्रार्थनामंदिराला हा निळसर रंग कोणी फासला. शेजारीण म्हणाली, भिंती गेल्या वर्षी चुना दिला तेव्हा होत्या तेवढ्याच पांढऱ्या आहेत. इस्मेनियाने मनात म्हटलं, हिचेही डोळे तपासायला हवेत.

डॉक्टरने मे संपेपर्यंत दुर्बिणीला डोळा लावायला मनाई केली होती. जूनच्या दोन तारखेला चंद्र नव्हता. सात वाजताच गडद अंधार पडला. तिने लोकरीची शाल गुंडाळली, स्टुलावर बसली, उजवा डोळा लावला आणि काढला. पुन्हा लावला आणि काढला. वहीत लिहिलं: अकरा पूर्णांक सहा. मग मागचं पान उघडलं: मार्चमध्ये अकरा पूर्णांक दोन. दुसऱ्या दिवशी तोच आकडा. तिसऱ्या दिवशी तोच. चौथ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात जाऊन यास्नाच्या मागे उभी राहिली आणि संगणकावर संघाला पत्र लिहून घेतलं. आठवड्याच्या आत ऑस्ट्रेलियापासून आफ्रिकेच्या टोकापर्यंत सगळ्यांना कळवण्यात आलं की केब्राडा सेकाच्या ताबिलो यांना तांबडी मंदावताना दिसली आहे, सर्वांनी लक्ष ठेवावं.

इंजिनिअर दर शनिवारी शेळीच्या दुधाचं चीज घ्यायला यायचा. त्या शनिवारी तो हातात कागद घेऊन आला. चीजकडे न बघता त्याने कागद टेबलावर पसरला आणि तिला नेहमीप्रमाणे 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, अशी मानाची हाक मारली.

"दोन्या इस्मेनिया, माझ्याकडे अकरा पूर्णांक दोन आहे. सलग सहा रात्री. जराही हललेला नाही."

"तुमच्याकडे नसेल हलला."

"यंत्र खोटं बोलत नाही हो."

"खरं तरी कुठे बोलतं? ते बोलतच नाही. तुम्ही सकाळी उठून त्याच्या वतीने बोलता."

इंजिनिअर अपमान गिळणाऱ्यांतला होता. खाणीत तीस वर्षं काढलेली. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की वय झालं की डोळा थकतो, त्यात लाज कसली. इस्मेनियाने चीज बांधलं. तिचा डोळा दोन महिन्यांचा आहे, इंजिनिअरच्या कॅमेऱ्यापेक्षा नवा, असं तिने त्याला सांगितलं, आणि कागद घडी घालून चीजच्या पुडक्यावर ठेवला. वाटेत पाणी पाझरलं तर पुसायला कामी येईल म्हणून.

ऑस्ट्रेलियातून दोघांनी कळवलं की त्यांना बदल दिसत नाही. इस्मेनिया यास्नाला म्हणाली, तिकडे दुर्बिणीत बिअर ओतून बघत असतील. दक्षिण आफ्रिकेतल्या एकाने कळवलं, कदाचित किंचित मंद. हा एकटा माणूस कामाचा, असं तिने जाहीर केलं. गावात दोन तट पडले. चौकातल्या दुकानदाराने इंजिनिअरची बाजू घेतली, कारण इंजिनिअर त्याच्याकडे उधारी ठेवत नसे. बाकीच्यांनी म्हातारीची घेतली; तांबडी म्हणजे काय हे त्यांच्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं, पण टेकडीवरचा घुमट कोणालाच आवडत नव्हता. इस्मेनियाला दोन्ही तट सारखेच मूर्ख वाटत होते. ती रोज संध्याकाळी बसायची, रोज अकरा सहा लिहायची. ढगांच्या दोन रात्री सोडून अशा एकोणीस नोंदी झाल्या.

सान हुआनच्या, म्हणजे जूनच्या चोवीस तारखेच्या, सणाच्या आदल्या दिवशी तिने जेवणासाठी कोथिंबीर, कांदा आणि हिरव्या मिरच्यांचं वाटण केलं. हात धुतले, पण म्हाताऱ्या नखांतून मिरची निघत नाही. दुर्बिणीपाशी बसल्यावर तिने शालीचं टोक सारताना उजवा डोळा चोळला, आणि डोळ्यात जाळ उठला. पाण्याचे हबके मारूनही तो उघडेना. आकाश इतकं स्वच्छ होतं की एक संध्याकाळ फुकट घालवणं तिच्या जिवावर आलं. डोळा निवेपर्यंत निदान तांबडी मध्यभागी आणून ठेवू, एवढ्याच हेतूने तिने डावा डोळा लावला.

डाव्या डोळ्याला तांबडी अकरा दोनची दिसली.

तिने डाव्या डोळ्याला शिवी दिली. तो बिचारा अर्धा झाकोळलेला, त्याला काय कळतंय. अर्ध्या तासाने उजवा उघडला. उजव्याने अकरा सहा. डाव्याने अकरा दोन. तिने आलटून पालटून आठ वेळा बघितलं, आणि दर वेळी दोन्ही डोळे आपापल्या म्हणण्याला चिकटून राहिले. मग तिने नकाशातला दुसरा एक तारा घेतला, नारिंगी रंगाचा, साधा, अठ्ठावीस वर्षांत एका दशांशाने न हललेला. त्याच्या शेजारी एक पांढरा तारा होता आणि दोघे तिला कायम बरोबरीचे दिसत आले होते. डाव्या डोळ्याला ते अजून बरोबरीचे होते. उजव्याला नारिंगी तारा पांढऱ्यापेक्षा चांगलाच मंद दिसत होता.

ती स्टुलावरून उठून दुधाच्या उपड्या बादलीवर बसली. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात साचलेली पिवळट काच. त्या काचेतून पांढऱ्या ताऱ्यांचा निळा उजेड अडायचा आणि तांबडीचा लाल उजेड सहज आत यायचा. डॉक्टरने काच काढली. पांढरे तारे धुऊन निघाले, आणि त्यांच्या शेजारी तांबडी फिकी पडली. प्रार्थनामंदिर निळं झालं होतं तसंच हे. तारा जिथल्या तिथे होता.

तिला सगळ्यांत जास्त चीड आली ती नेमाची. एखादा गबाळ्या माणूस असता तर पहिल्याच संध्याकाळी, मान दुखली म्हणून, दुसरा डोळा लावून बसला असता, आणि त्याला तेव्हाच कळलं असतं. तिने मात्र एक तारा, एक डोळा हे इतक्या निष्ठेने पाळलं होतं, की खालच्या गावातल्या वाटाड्यांनीही केली नसती ती चूक एकोणीस वेळा, सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती. इंजिनिअरच्या झोपाळू यंत्राचं खरं होतं. हे वाक्य मनात पुरं करायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पत्र पाठवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी यास्ना वरच्या वाडीत लस टोचायला गेली होती. तिसऱ्या दिवशी यास्ना दवाखान्यात होती, पण इस्मेनियाला एक शेळी आजारी वाटली. चौथ्या दिवशी शेळी ठणठणीत होती. तेव्हा तिच्या मनाने हळूच सुचवलं, की हिवाळा अजून संपला नाही, तांबडी पुढे खरोखर मंदावली तर जूनचं कोण विचारणार आहे. हा विचार तिला बाजारातल्या भुरट्यासारखा वाटला. तरी तिने त्याला चार दिवस घरात ठेवून घेतलं. मग समुद्राकडून धुकं चढून आलं आणि आठ दिवस दरी पांढऱ्या कापसात बुडाली. कोणालाच काही बघता येईना, आणि पत्र न पाठवायला आणखी एक सबब झाली.

धुकं विरल्यावर सहाव्या दिवशी, बुधवारी, इंजिनिअर आला. शनिवार नसताना तो कधी आला नव्हता, आणि टोपी हातात धरून तर कधीच नाही. त्याच्या यंत्राने पाच रात्री सलग तांबडीला उतरताना पकडलं होतं: अकरा तीन, अकरा चार, अकरा पाच, मग सहा, मग सात. ऑस्ट्रेलियातही तेच. तेरा वर्षांची फेरी खरी निघाली होती, जोडी खरी निघाली होती. आणि दोन्या इस्मेनियाने हे जगाच्या कितीतरी दिवस आधी बघितलं होतं. संघ पहिली नोंद तिच्या नावावर लावणार होता. नगराध्यक्षाला तर चौकात संगमरवरी पाटी बसवायची होती. इंजिनिअरने याच्यावर रात्रभर विचार केला होता म्हणे; उजेड कमी होण्याआधी ताऱ्याचा रंग बदलत असावा आणि तो फक्त सरावलेल्या मानवी डोळ्याला कळत असावा. त्याने तसा आलेखही काढून आणला होता. एक लेख लिहून झाला होता, दोघांच्या नावाने.

इस्मेनियाने आलेख उलटासुलटा करून बघितला. हा माणूस उर्मट होता तेव्हाच बरा होता, असं तिला वाटलं. तेव्हा निदान तो बरोबर होता.

"मी तांबडी मंदावलेली बघितली नाही, इंजिनिअर. माझा डोळा बदलला, तो मी बघितला."

इंजिनिअर हसला. थोर माणसं अशीच बोलतात, असं काहीसं म्हणाला. मग तिने त्याला मिरचीपासून नारिंगी ताऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्याचं हसू हळूहळू गेलं, पण आलेख त्याच्या हातातून सुटेना. तो म्हणाला, कारण काही असो, भाकीत तर खरं ठरलं.

"जूनमध्ये कोणी माझ्या डोक्यावर बादली ओतली आणि मी पाऊस पडला म्हणून ओरडले. जुलैत खरंच पाऊस आला. म्हणून जूनचा पाऊस पडला का?"

"पण हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलंय तेवढं पुरे. दर शनिवारी चीज घेताना तुमच्या तोंडावर बघावं लागेल मला ते."

तो गेल्यावर तिने पत्र यास्नाला सांगून लिहून घेतलं नाही. स्वतः लिहिलं. तिचं अक्षर मोठं होतं आणि सावकाश होतं. एका पानाला दुपार गेली. जून महिन्यातल्या माझ्या एकोणीस नोंदी रद्द कराव्यात, तिने लिहिलं. कारण: उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तांबडी मंदावल्याची पहिली खरी नोंद लिसान्द्रो उर्मेनेता यांच्या यंत्राची आहे. इथे थांबता आलं असतं. पण तिने पेन खाली ठेवलं नाही. गेली सहा वर्षं काच पिवळी होत गेली असणार, तेव्हा त्या सहा वर्षांतले माझे आकडेही तांबडीला जरा जास्त उजळ दाखवत असतील, तसं धरून वाचावेत, असंही तिने लिहिलं. हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

यास्नाने पत्र वाचलं आणि ती चिडली. "मावशी, निदान तेरा वर्षांची फेरी तुम्ही सांगितली होती एवढं तरी लिहा."

"ते जुन्या पानांत आहे. ज्याला वाचता येतं तो वाचेल. न वाचता येणाऱ्यांसाठी मी पाटी कशाला लावून घेऊ?"

संघाचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं, सहा ओळींचं. नोंदी रद्द केल्या आहेत, पहिली नोंद उर्मेनेता, मागच्या दोन पाळ्या ताबिलो यांच्या वहीवरून, प्रामाणिकपणाबद्दल आभार. आभाराच्या ओळीला इस्मेनियाने नाक मुरडलं. चूक सुधारल्याबद्दल आभार मानायचे तर धोब्याचेही रोज मानावे लागतील. नगराध्यक्षाने पाटीचा विचार सोडला, कारण यंत्राच्या नावाची पाटी बघायला कोण येणार. गावाचं म्हणणं पडलं की म्हातारीला आयतं मिळालेलं नाव पचलं नाही. दुकानदार म्हणाला, त्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. काय ठाऊक होतं ते त्याने सांगितलं नाही.

इंजिनिअर तीन शनिवार फिरकला नाही. चौथ्या शनिवारी आला तो घुश्शातच. त्याला हा पहिला नंबर असा नको होता, तो म्हणाला. भीक घातल्यासारखा वाटतो. मित्र अभिनंदन करतात आणि त्याला काय बोलावं ते सुचत नाही.

इस्मेनिया मिठाच्या पाण्यातून चीज काढत होती. तिने मान वर केली नाही.

"मी तुम्हाला काहीही दिलेलं नाही. तांबडी उतरायला लागली त्या रात्री तुम्ही काय करत होता?"

इंजिनिअरने आठवून बघितलं. आठवण्यासारखं काही नव्हतं. तो झोपला होता.

"मग अभिनंदनाची पत्रं वर घुमटात नेऊन ठेवा," ती म्हणाली, आणि चीजवरचं पाणी निथळवायला लागली.